एक मत बाद

नेदरलँड्समध्ये मतपेटी म्हणून कचऱ्याचा डबा वापरतात, हे मी पहिल्यांदा माहेरी सांगितलं तेव्हा माझ्या भावाला जेवता जेवता ठसका लागला. "म्हणजे मत थेट कचऱ्यात! आमच्याकडे निदान आधी मोजतात," म्हणाला. चेष्टा सोडा, पण गोष्ट खरी आहे. इथे प्रत्येक घराबाहेर चाकांचा उंच प्लॅस्टिकचा डबा असतो, त्याला क्लिको म्हणतात. तसाच नवा कोरा डबा घ्यायचा, झाकणाला फट पाडायची, कुलूप लावायचं, की झाली मतपेटी. कारण आमची मतपत्रिका म्हणजे जवळजवळ चादर. सगळ्या पक्षांच्या सगळ्या उमेदवारांची नावं एकाच कागदावर छापलेली. कितीही घड्या घाला, साध्या पेटीत ती मावायची नाही.

मी आमच्या गावच्या नगरपालिकेत, म्हणजे खेमेंतेत, निवडणूक विभागात नोकरी केली आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. गाव बेस्ट नावाच्या छोट्या शहरापासून सायकलच्या अंतरावर आहे. नाव सांगत नाही, त्याचं कारण पुढे कळेलच. लोक मला विचारायचे, "निवडणूक काय रोज असते का? बाकीचे दिवस करता काय?" बाकीचे दिवस आम्ही शाळांचे जिमखाने, वृद्धाश्रमांच्या जेवणाच्या खोल्या आणि चर्चचे हॉल शोधत फिरायचो. व्हीलचेअर आत जाते का, दार पुरेसं रुंद आहे का, पावसात रांग कुठे उभी करायची, हे बघायचं. मतदान केंद्रावर बसणाऱ्यांना शिकवायचं. हजारो लाल पेन्सिलींना टोक करायचं. हो, लाल पेन्सिल. उमेदवाराच्या नावापुढचा पांढरा गोल लाल पेन्सिलीने रंगवायचा, एवढंच मतदान. निवडणूक नीट पार पडली तर आमच्या विभागाचं नाव कुणी घेत नाही. नाव निघालं, की समजायचं काहीतरी बिघडलं.

केंद्राध्यक्ष म्हणून मी बरीच वर्षं बसले. एकदा एका गृहस्थाने मतपत्रिकेबरोबर हातातल्या घराच्या किल्ल्याही डब्यात टाकल्या. "उघडा की जरा," म्हणाला. मतदान संपेपर्यंत मतपेटी राजालासुद्धा उघडता येत नाही, म्हटलं. तो दिवसभर शेजारणीच्या घरी बसला आणि तिथे त्याची इतकी खातिरदारी झाली, की पुढच्या निवडणुकीला दोघं हातात हात घालून मतदानाला आले. ही हकीकत मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगायचे. लोक हसायचे.

दुसरी सांगायचे नाही. एक म्हातारं जोडपं होतं. नवऱ्याला विस्मरणाचा आजार. बायको म्हणाली, "मी त्याच्याबरोबर आत जाते. तो गोंधळतो." तेव्हाचा नियम असा, की हात थरथरतो, डोळ्यांना दिसत नाही, अशा शरीराच्या अडचणीला मदत चालेल, मनाच्या अडचणीला नाही. मत कुणाचं, नवऱ्याचं की बायकोचं, हे कोण ठरवणार? मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "त्याच्या शर्टाची बटणं मी लावते, त्याचा घास मी कापून देते, आणि इथे तुम्ही मला दोन पावलं लांब उभं करता?" तो आत गेला. बराच वेळ झाला, बाहेर येईना. मग आला तो मतपत्रिका तशीच कोरी, आणि पेन्सिल कोटाच्या खिशात. बायकोने ती काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि त्याला घेऊन गेली. मी नियमाने वागले होते. नियमाने वागल्यावर जीव हलका होतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे काम केलेलं नसतं.

आता मूळ गोष्ट. यातली नावं मी बदलली आहेत. हे छापायला देण्याआधी जिच्याबद्दल आहे तिला वाचायला पाठवलं. "हरकत नाही," एवढंच उत्तर आलं.

नीलिमा आणि मी एकाच वर्षी इथे आलो, दोघीही नवऱ्यांच्या नोकऱ्यांमागून. तिचा नवरा आणि माझा मिलिंद एकाच कंपनीत. ती कोल्हापूरची, तिथे कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. मी पुण्यात सहकारी बँकेत होते. इथे आम्ही दोघी शून्य. दळण कुठे मिळत नाही इथपासून डॉक्टर नुसतं पॅरासिटामॉल देतो इथपर्यंत सगळी रडगाणी आम्ही एकमेकींना ऐकवली. डच शिकलो ते वस्तीच्या समाजगृहात. त्याला बुर्तहाउस म्हणतात. आमच्या वर्गात मोरोक्कोच्या, तुर्कस्तानच्या, सीरियाच्या बायका. बाई शिकवायची फुकट, आणि कॉफी गरम असायची. त्या खोलीत मी पहिल्यांदा डचमध्ये भांडले आणि जिंकले, खुर्चीवरून. नीलिमाने टाळ्या वाजवल्या होत्या.

पुढे मी खेमेंतेच्या खिडकीवर लागले, मग निवडणूक विभागात. नीलिमा पाळणाघरात शिक्षिका झाली. तिची आई गेल्यावर वडील कोल्हापुरात एकटे पडले. इथले नियम म्हाताऱ्या आईवडिलांना सहजासहजी येऊ देत नाहीत. पण डच नागरिक शेजारच्या देशात राहिला, तर त्याला युरोपचे सैल नियम लागतात. म्हणून नीलिमा आणि तिचा नवरा नोकऱ्या सांभाळून काही काळ सीमेपलीकडे बेल्जियममध्ये जाऊन राहिले, वकील धरला, आणि त्या वाटेने नानांना घेऊन आले. तिच्या जागी मी असते तर इतकं केलं असतं का, मला माहीत नाही.

नाना म्हणजे पांढराशुभ्र सदरा, वर स्वेटर, वर कोट, आणि त्यावर मफलर. कोल्हापूरच्या कचेरीबाहेर टेबल टाकून त्यांनी उभं आयुष्य दस्त लिहिले. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र. त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं. मला ते "वैजू" म्हणायचे आणि गेल्याबरोबर विचारायचे, "काय गं, आज किती डच लोकांना सरळ केलंस?"

मग नगरपालिकेने बुर्तहाउस विकायचं काढलं. जागा मोक्याची, बिल्डर तयार. नीलिमा पेटली. तिने वस्तीतल्या लोकांना गोळा करून निवडणुकीसाठी नवी यादी उभी केली, म्हणजे गावापुरता पक्षच. मराठीत सांगायचं तर तिचं नाव 'शेजार'. इथे परदेशी नागरिकालाही पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य झालं की गावच्या निवडणुकीत मत देता येतं. नीलिमा गारठ्यात सायकलवरून दारोदार हिंडली. बऱ्याच मराठी, तेलुगू, तमिळ घरांना आपल्याला मत आहे हेच ठाऊक नव्हतं. ते तिने त्यांना सांगितलं.

मी माझ्या साहेबांना आधीच कळवलं, उमेदवार माझी जिवलग मैत्रीण आहे, मला मतदान केंद्रावर किंवा मोजणीत ठेवू नका. त्यांनी मला कोठारात टाकलं. डबे, पेन्सिली, सीलं. नीलिमा म्हणाली, "बरं झालं. जिंकले तर कुणी म्हणायला नको, वैजूने जिंकवलं." आम्ही दोघी हसलो होतो.

मतदानाच्या दिवशी नाना भारतीय दूतावासात निघाल्यासारखे तयार होऊन मत द्यायला गेले. इथली पाच वर्षं पुरी झाल्यावरचं त्यांचं पहिलं मत, लेकीला. संध्याकाळी मला फोन केला. "वैजू, पोरीचं नाव छापील अक्षरांत बघितलं गं कागदावर. डोळे भरले." मी म्हटलं, "नाना, छान झालं." त्यापलीकडे आम्ही काही बोललो नाही.

नीलिमा जिंकली. निसटत्या फरकाने. शेवटची एक जागा 'शेजार'ला मिळते की बाजारपेठेतल्या दुकानदारांच्या जुन्या यादीला, अशी चुरस होती, आणि फरक इतका कमी की एका हाताची बोटं पुरावीत. दुकानदारांच्या यादीचा प्रमुख पीट, आमचा बेकरीवाला. त्याने फेरमोजणी मागितली. त्याच्या जागी कुणीही मागितली असती.

फेरमोजणी क्रीडागृहात झाली, दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर. बास्केटबॉलच्या रेषांवर लांब टेबलं मांडली होती. प्रेक्षकांसाठी लाल-पांढरी फीत बांधून जागा केली होती. त्यामागे पीट एका टोकाला आणि नीलिमा दुसऱ्या टोकाला उभी. मी गोणी आणून द्यायचे आणि रिकाम्या उचलायचे, तेवढंच माझं काम. मोजता मोजता इकडचं मत तिकडे सापडलं, दोन चिकटलेल्या पत्रिका सुटल्या, आणि दुपारनंतर अशी वेळ आली की सगळं एका मतपत्रिकेवर येऊन ठेपलं. शेवटची जागा वाटायचा हिशेब किचकट असतो, तो सांगत बसत नाही. ते मत धरलं तर जागा नीलिमाची. नाही धरलं तर पीटची.

त्या मतपत्रिकेवर नीलिमाच्या नावापुढचा गोल सुरेख रंगवलेला होता. कुठे रेषेबाहेर नाही. पण खाली कोपऱ्यात लाल पेन्सिलीने काहीतरी लिहिलं होतं. पहिल्या मोजणीत कुणीतरी त्याला नक्षी समजून मत धरलं होतं.

इथला नियम असा. मतपत्रिकेवर कुणी फूल काढलं, शिवी लिहिली, तरी मत कुणाला आहे ते स्पष्ट असेल तर धरतात. पण मत देणारा कोण हे कळेल असं काही लिहिलेलं असेल, तर मत बाद. कारण साधं आहे. नाव लिहायची मुभा दिली, तर मत विकत घेणारा म्हणेल, नाव लिहून ये, मी बघतो.

मोजणीचा अध्यक्ष विल, निवृत्त नोटरी, शांत माणूस. त्याने कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि मान वर करून सभागृहात नजर फिरवली. ती माझ्यावर थांबली.

"वैजयंती, जरा इकडे येतेस?"

मी गोणी खाली ठेवली. टेबलाजवळ जाईपर्यंत मला वाटत होतं, 'श्री' असेल. आपल्याकडे कितीतरी लोक कोऱ्या कागदावर आधी 'श्री' काढतात. 'श्री' असेल तर काहीच प्रश्न नाही, देवाचं नाव म्हणजे मतदार नव्हे. मी वाकून पाहिलं.

नानांची सही होती. पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि खाली त्यांची ती लांब रेघ. छापल्यासारखं अक्षर.

"ही तुमची लिपी आहे का?" विलने विचारलं.

"हो."

"काय लिहिलंय?"

मी आधी म्हटलं, "विल, उमेदवार माझी मैत्रीण आहे. दुसऱ्या कुणाला बोलावलंत तर बरं."

विलने चष्मा काढला. "ज्या बाजूने बोलशील त्यावरून ठरवू. तिच्या फायद्याचं सांगितलंस तर दुसऱ्याला विचारावं लागेल. तिच्या तोट्याचं सांगितलंस तर कशाला विचारू? काय लिहिलंय?"

आता प्रामाणिकपणे सांगते, मला मोह झाला नाही. मोह व्हायला वेळ लागतो.  मी म्हटलं, "नाव आहे. एका माणसाचं पूर्ण नाव."

"देवाचं वगैरे नाही?"

"नाही."

"तू ओळखतेस त्याला?"

"याचं उत्तर मला द्यायलाच हवं का?"

विलने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "नाही," म्हणाला, "नकोच देऊस."

तेवढ्यात फितीमागून नीलिमाचा आवाज आला. मराठीत. "वैजू! काय लिहिलंय गं? 'श्री' असेल. नीट बघ ना!"

एवढ्या मोठ्या सभागृहात ते फक्त मला समजलं. बाकी सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. पीट म्हणाला, "डचमध्ये बोला, प्लीज." त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, त्याचीही जागा टांगणीला होती. मी नीलिमाकडे पाहिलं. मराठीत एक शब्द जरी बोलले असते, तरी कुणालाही वाटलं असतं आमच्यात काही ठरतंय. मी तिला डचमध्ये म्हटलं, "मला सांगता येत नाही."

इतक्या वर्षांत मी तिच्याशी कधीच डचमध्ये बोलले नव्हते, त्या वर्गात बाईंनी सक्ती केली तेव्हासुद्धा नाही. तिचा चेहरा कसा झाला, ते मला लिहिता येणार नाही.

विलने उभं राहून जाहीर केलं, मत बाद. जागा दुकानदारांच्या यादीला. टाळ्या नाहीत, आरडाओरडा नाही. पीट फितीच्या कडेने चालत नीलिमाकडे गेला आणि हात पुढे केला. तिने तो घेतला. मग कोट घालून ती निघून गेली. माझ्या बाजूला वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात दोन ओळी आल्या: भारतीय लिपीत नाव लिहिलेली एक मतपत्रिका बाद झाल्याने निकाल फिरला. तेवढं पुरे होतं. आपल्या लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्रंदिवस चर्चा. लिपी कुणी वाचली? खेमेंतेत आपली एकच बाई. "खाल्ल्या मिठाला जागली, पण डचांच्या." "एक शब्द फिरवला असता तर काय बिघडलं असतं?" गणपतीच्या वेळी मोदकांच्या तयारीत मला कुणी बोलावलं नाही. माझ्या मुलीने मला डचमध्ये सांगितलं, "आई, तू बरोबर केलंस." तिला ते किती सोपं होतं! मी मराठीत म्हटलं, "माहीत आहे गं." आणि भांडी घासायला गेले.

मी नीलिमाला फोन केले. उचलले नाहीत. सांगणार तरी काय होते? मतदान गुप्त असतं. कुणाची सही होती हे मी मिलिंदलाही सांगितलं नव्हतं.

मग एकदा आठवडी बाजारात नाना भेटले. भाजीच्या गाडीपाशी, एकटेच, हातात कापडी पिशवी. मी "नाना" म्हणून पुढे झाले. त्यांनी मफलर सावरला.

"तुम्ही," ते म्हणाले. मला त्यांनी जन्मात कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. "तुम्ही माझी सही ओळखलीत ना?"

मी त्यांच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं.

"ओळखलीत. तुमच्या मुलीच्या नावाचा कागद मीच करून दिला होता, पुण्याच्या फ्लॅटचा. त्यावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. ओळखून तुम्ही ती खोटी ठरवलीत."

"नाना, खोटी नाही ठरवली. इथला नियम..."

"नियम मला नीलूने सांगितला. सही असली तरी मत धरता येतं. वाचणाऱ्याने मनात आणलं तर." त्यांचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "उभ्या जन्मात माझ्या सहीचा कागद कुठल्या कचेरीने परत केला नव्हता. ऊन बघितलं नाही, पाऊस बघितला नाही, लोकांच्या जमिनी माझ्या सहीवर इकडच्या तिकडे झाल्या. तो तुम्ही परत केलात. माझ्या पोरीच्या नावाचा."

 नीलिमाला नियम नक्की ठाऊक होता. उमेदवारांना आम्हीच तो समजावून सांगतो, त्या बैठकीत ती पुढच्या रांगेत बसून टिपून घेत होती. मग तिने वडिलांना असं का सांगितलं असेल? रागाने, मला वाटलं. मला वाईट ठरवायला. तेव्हा मला तेवढंच सुचलं. आणि नानांना तिथे, त्या भाजीच्या गाडीपाशी, खरा नियम समजावून सांगायचा म्हणजे काय सांगायचं? की नाना, तुमच्या मुलीला तुम्ही पाडलंत?

"चुकलं असेल माझं," मी म्हटलं.

"चुकलंच," ते म्हणाले आणि पिशवी घेऊन चालू लागले. रस्ता ओलांडताना थांबून दोन्हीकडे पाहिलं, मग सावकाश गेले. मी ते पलीकडे पोचेपर्यंत उभी राहिले.

बुर्तहाउस विकायचा ठराव नव्या नगरपरिषदेत एका मताच्या फरकाने मंजूर झाला. पीटने विक्रीच्या बाजूने मत दिलं. आज तिथे बाल्कन्यांच्या इमारती आहेत, चांगल्या आहेत. नव्याने आलेल्या बायका आता भाषा फोनवर शिकतात. फोनशी भांडता येत नाही, पण ते असो. नीलिमा परत उभी राहिली नाही. 'शेजार' विरून गेली. तिच्या नवऱ्याने रायस्वाइकला नोकरी धरली आणि ते सगळे तिकडे गेले. मला ते बाहेरून कळलं.

त्यानंतरही मी निवडणुका केल्या. प्रशिक्षणात किल्ल्यांची गोष्ट सांगितली, लोक हसले. फक्त बाद मतांच्या पाठाला आले की मी तो धडा सहकाऱ्याकडे द्यायचे. साहेबांनी कधी का म्हणून विचारलं नाही.

निवृत्त झाल्यावर थोड्याच दिवसांत ग्रुपवर निरोप आला, नाना गेले. मिलिंद म्हणाला, "जायलाच हवं का?" मी म्हटलं, "हो." तो यायला तयार होता, मी एकटीच गेले.

इथलं स्मशान म्हणजे हॉटेलसारखी स्वच्छ इमारत. आधी एका खोलीत सगळे बसतात, कुणीतरी चार शब्द बोलतं, मग पेटी आत जाते. नंतर शेजारच्या दालनात कॉफी आणि केकचा एकेक तुकडा देतात. ही इथली रीत. आपले लोक केकची बशी हातात घेऊन अवघडून उभे राहतात, खायचं की नाही कळत नाही. मी मागे भिंतीपाशी उभी होते. नीलिमा सगळ्यांना भेटत भेटत माझ्यापर्यंत आली. केस बरेच पांढरे झालेले. माझ्या हातातली बशी तिने काढून घेतली आणि खिडकीत ठेवली.

"आलीस," म्हणाली.

"यायचंच होतं."

ती खिडकीकडे वळली. मग म्हणाली, "निकालाच्या संध्याकाळी मी घरी गेले तर ते जेवायचे थांबले होते. मी सांगितलं, कुणीतरी नाव लिहिलं म्हणून गेली जागा. तर म्हणाले, नाव ना, मी पण सही केली होती की. सहीशिवाय कागद कसा द्यायचा?" ती माझ्याकडे वळली. "त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं गं. आणि मग यायला लागलं. माझ्यासमोर, त्यांच्या चेहऱ्यावर. घास हातात तसाच. मला काही सुचेना. मी म्हटलं, नाना, सहीने काही होत नाही, सही असली तरी मत धरतात. वैजूने मुद्दाम नाही धरलं."

मी खिडकीला टेकले.

"तुझा राग आला त्यांना. फार आला. आणि राग आला तसे ते जेवले." तिने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "माझी पोरगी माझ्यामुळे हरली असं घेऊन ते एक महिना जगले नसते. तुझ्यावर चिडून एवढी वर्षं जगले. शेवटपर्यंत. हॉस्पिटलात नर्सला सांगत होते, खेमेंतेतली ती बाई."

"बाजारात भेटले होते मला," मी म्हटलं.

"माहीत आहे. घरी येऊन सांगितलं त्यांनी. तू 'चुकलं असेल' म्हणालीस, तेही सांगितलं. त्या दिवशी खूप बरं वाटलं होतं त्यांना."

"मला सांगायचंस, नीलू. एकदा फोन करून. मी कुणाला बोलले नसते."

"तुला सांगितलं असतं तर तू हो म्हणाली असतीस."

"मग?"

"मग तू आमच्यासाठी शिव्या खातेस हे बघत तुझ्याबरोबर चहा प्यायचा? मला नसतं जमलं." ती पुढे म्हणाली, "आणि खरं सांगू? पहिले काही महिने मलाही तुझा राग यायचा. माहीत असूनही. त्या हॉलमध्ये तू माझ्याशी डचमध्ये बोललीस."

"दुसरं काय करणार होते?"

"काहीच नाही," ती म्हणाली. "तेच तर."

दालनाचं दार उघडून तिथल्या बाईने अदबीने सांगितलं, पुढच्या कुटुंबाची वेळ झाली आहे. नीलिमाने माझ्या दंडावर हात ठेवला, क्षणभर दाबला आणि नवऱ्याकडे गेली. पुन्हा भेटू, फोन कर, असं दोघींपैकी कुणी म्हटलं नाही. त्यानंतर आमचं बोलणं म्हणजे हा लेख पाठवला तेव्हा आलेलं ते दोन शब्दांचं उत्तर.

ट्रेनने घरी आले. मिलिंद पोळ्या लाटत होता. वाकड्यातिकड्या, नकाशासारख्या. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि लाटणं बाजूला ठेवलं.

"बोलली का?"

"बोलली."

"मग मिटलं?"

मी कोट काढून खुंटीला लावला.

"नाही रे," म्हटलं. "मिटलं नाही. कळलं फक्त."